जरा सरकून

२४ जानेवारी, शुक्रवार

आजही म्हणून झालं — "आता निघायला हवं बाई, फार दिवस राहिले!" जेवताना. कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. नूतन पोळी वाढत होती, तिचा हात जरा थांबला. उल्हास ताटाकडे बघत म्हणाला, "आई, पंधराचं तिकीट आहेच की तुझं." म्हणजे लेकाला तारीख पाठ आहे. सुनेलाही असणारच.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली — आईचं हे पालुपद. मुलाच्या घरीही? हो. मुलाच्या घरी तर जास्तच. कुणी 'उठा' म्हणायच्या आत आपण उठावं, म्हणजे उठवलं असं होत नाही. नोव्हेंबरात मस्कतला पाय ठेवला तेव्हापासून मी उठतेच आहे. दमले उठून उठून.

२७ जानेवारी, सोमवार

उल्हास आज दुपारच्या जेवणाआधीच घरी. "काम कमी आहे गं सध्या." गाडी? "सर्व्हिसिंगला." आठवडा होऊन गेला — एवढी कसली सर्व्हिसिंग? टॅक्सीने येतो-जातो. मी पुढे विचारलं नाही. उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. कानावर सगळं पडू द्यायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही, ही तिथली पहिली अट. ती अंगात इतकी भिनली आहे की पोटच्या मुलाच्या बाबतीतही सुटत नाही.

मी नातीच्या, सावनीच्या खोलीत झोपते, पोर हॉलमध्ये सोफ्यावर. दहावीच्या आसपासचं वय, स्वतःची खोली नाही, तरी कुरकूर नाही. खोलीत कालपासून रिकामी खोकी येऊन पडली आहेत, चिकटपट्टीसकट. नूतन म्हणाली, "जरा आवराआवर करतेय, आई." अगं, माझी पाठ तर फिरू दे! पण म्हटलं, कर बाई. रागवायला तरी जोर कुठे उरलाय.

३० जानेवारी, गुरुवार

गुडघे. आणखी काही नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

नूतनचं हळदीकुंकू. अझैब्याच्या आल्या, मदिनत सुलतान काबूसच्या आल्या, आमच्या घुब्र्याच्या बिल्डिंगमधल्या तर सगळ्याच. काचेचे डबे लुटले. नूतन यंदा दरवर्षीपेक्षा जास्त उत्साहात होती — की तसं दाखवत होती? प्रत्येकीबरोबर फोटो. प्रत्येकीला मिठी. एरवी ती मिठ्या मारणाऱ्यातली नाही.

सुचित्रा म्हणून एक आहे, बडबडी, मनाने बरी. ती म्हणाली, "काकू, राहा की आणखी! पुण्यात काय ठेवलंय?"

आणि मी सुटले! "छे हो! माझं घर बरं आणि मी बरी. हातपाय चालताहेत तोवर मला माझ्या घरात कुणाची लुडबुड नको. डबा जिथे ठेवला तिथेच सापडला पाहिजे!" सगळ्या हसल्या. "काकू, तुमच्यासारखं जमायला हवं," म्हणाल्या. नूतन तिळगुळाचं ताट घेऊन मागे उभी होती. ती नाही हसली. आत निघून गेली.

खोटं. अक्षर न् अक्षर खोटं. इथे तरी खरं लिहावं.

पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या ऑगस्टमध्ये भाजीची पिशवी घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये बसले. छातीत भरून आलं होतं. कुणी वर गेलं नाही, कुणी खाली आलं नाही. मेथी तिथेच निवडायला घेतली — कुणी आलंच तर म्हणता यावं, की सहज बसले आहे! घरात टीव्ही दिवसभर चालू ठेवते, बघत नाही. आणि न्हाणीघराला कडी लावत नाही. पडले तर लोकांना दार फोडावं लागू नये म्हणून.

इथे कडी लावते. बाहेर माणसं आहेत म्हणून. एवढीच चैन मी मस्कतला करते, आणि ती पंधराला संपणार. मला जायचं नाही. पण हे तोंडाने कसं म्हणायचं? आणि आता तर भर बैठकीत उलटं बोलून बसले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. गच्चीत दूध उतू घातलं. गोवरी कुठली इथे! नूतनने कँपिंगचा स्टोव्ह आणला.

सावनीने जाहीर केलं, मला निरोप म्हणून सहल. "प्रायव्हेट टूर, आजी! ओन्ली आपण! बीहाइव्ह टूम्ब्ज!" मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दगडी थडगी, पाच हजार वर्षांपूर्वीची. अल् ऐन म्हणून गाव आहे, तीन तासांच्या रस्त्यावर. वीसएक वर्षं इथे राहून उल्हासने ती पाहिलेली नाहीत. घर, ऑफिस, शाळा, सुपरमार्केट — हाच त्यांचा ओमान. "आत्ता नाही पाहिलं तर राहूनच जाईल," असं नूतन म्हणाली आणि ओठ चावला. मला वाटलं, माझ्याबद्दलच म्हणते आहे. माझं वय झालं ना.

सत्तरी उलटलेल्या बाईला निरोप म्हणून थडगी दाखवायची! हसू आलं. पण पोरीचा चेहरा बघून म्हटलं, वा, छान.

९ फेब्रुवारी, रविवार

काल पाठ टेकली ती टेकलीच. आज लिहिते.

गाईडचं नाव अमीन. इथलाच, ओमानी. चाळिशीपुढचा, पोट सुटलेला, पांढराशुभ्र पायघोळ डिशडाशा, गाडीभर अत्तर. स्वतःचीच मोठी गाडी. मला पुढे बसवलं — मागे मला मळमळतं. तो एकीकडे गाडी चालवायचा, एकीकडे इंग्रजीतून इतिहास. थडगी कधी पाच हजार वर्षांची, कधी चार, एकदा तर सहा! सावनीने मागून दुरुस्त केलं तर म्हणाला, "ओल्ड, हबीबती! व्हेरी ओल्ड!"

निझव्याचा रस्ता. दोन्हीकडे उघडे तपकिरी डोंगर. मी डोळे मिटून बसले होते. डोळे मिटले की लोकांना वाटतं कानही मिटले! मागे दोघं हळू आवाजात सुरू झाली. इंग्रजीत. माझ्यापासून लपवायचं असलं की ही दोघं इंग्रजीत बोलतात, लग्न झाल्यापासून. अरे, मी ट्रंक बोर्डावर बसलेली बाई! साहेबलोकांची इंग्रजी भांडणं मी जोडून दिली आहेत!

"आफ्टर द ट्रिप," उल्हास म्हणाला. "नॉट टुडे."

"शी विल नेव्हर अॅग्री," नूतन. "इट इज हर हाउस. यू हर्ड हर दॅट डे."

"बट वी नीड अ प्लेस, नूतन. इट्स द ओन्ली हाउस वी हॅव."

मग सावनीने काहीतरी विचारलं आणि विषय तिथेच तुटला.

माझं घर! माझ्या घराचं काहीतरी चाललंय. विकायचं असणार. दुसरं काय? विकून स्वतःची मोठी जागा घ्यायची, आणि मला — तळेगावच्या त्या वृद्धाश्रमात, जिथे शेजारच्या कुलकर्णीबाई गेल्या. फार स्वच्छ आहे म्हणतात. डोळे मिटलेलेच ठेवले. पाणी येऊ नये म्हणून आणखी घट्ट मिटले.

पेट्रोल पंपावर थांबलो. सावनी मला बाथरूमकडे घेऊन गेली. परत आले तर दोघं गाडीपाशी करक चहाचे कागदी पेले धरून उभी, चेहरे उतरलेले, आणि अमीन काच पुसत होता. काच स्वच्छच होती. मला बघून त्याने डबीतले खजूर पुढे केले, एक दिला, मग आणखी एक, मग अख्खी डबीच माझ्या मांडीवर ठेवली. म्हटलं, असेल इथली रीत.

अल् ऐनला उतरलो. समोर डोंगर, वरची धार कंगव्यासारखी दातेरी. त्याचं नावच कंगवा आहे म्हणे — जबल मिश्त. त्याच्यापुढे एका बुटक्या टेकडीवर थडगी, ओळीने. पोळी कसली! चुलीवर पालथी घातलेली पातेली. आधी वादी, म्हणजे नदीचं कोरडं पात्र ओलांडायचं, मग चढ. उल्हासला फोन आला, तो बोलत राहिला. नूतन म्हणाली, तिला चक्कर येते आहे. दोघं झाडाखाली थांबली. मला कळलं, त्यांना बोलायचं आहे. सावनी मोबाइल घेऊन बकरीसारखी केव्हाच वर पोचली होती.

मी आणि अमीन. तो हात पुढे करून म्हणाला —

"आजी, हळू. तो दगड हालतो."

मराठीत! मी मटकन बसलेच खाली.

"मी तीन साल पुण्यात होतो. कॅम्पात. बीकॉम." मग जरा लाजून, "दोनदा नापास झालो. म्हणून पाच साल."

मग डोक्यात उजेड पडला. "म्हणजे पंपावर —"

"मी सांगणार होतो आजी, की मला कळतं. पण साहेब-मॅडम एकदम सुरू झाले. मग उशीर झाला. मग मी काच पुसली."

काय हसू आलं मला! माझ्यापासून लपवायचं ते इंग्रजीत, अमीनपासून लपवायचं ते मराठीत. आणि गाडीत पुढे बसलेल्या आम्हां दोघांना सगळंच कळतंय! बिचारी. कुठल्या भाषेत बोलायचं त्यांनी? हसता हसता हुंदका कसा आला कळलं नाही. अमीनने पाठ फिरवून डोंगराचा फोटो काढला.

"काय बोलले रे ते?" मी विचारलं.

"नाही आजी. ते तुमचा मुलगा सांगेल. मी फक्त दगडांचं सांगतो."

"माझ्या घराचंच ना?"

त्याने पुढचा दगड पायाने हालवून बघितला. थोडं चढल्यावर त्यानेच विचारलं, "आजी, तुमचं घर किती मोठं?"

"तीन खोल्या."

"कोण कोण राहतं?"

"मी."

"बस? बरं वाटतं?"

इतका साधा प्रश्न. मुलाने नाही विचारला, सुनेने नाही, मी स्वतःला नाही. आणि मी त्या परक्या माणसाला सांगून टाकलं — नाही रे. अजिबात बरं वाटत नाही. न्हाणीघराच्या कडीचंही सांगितलं! कुणालाच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मग घरी सांगा ना हे." म्हटलं, "आमच्यात नाही सांगत." म्हणाला, "आमच्यात पण नाही सांगत." पुढे काय बोलणार दोघं! चढत राहिलो.

थडग्याचं दार गुडघ्याएवढं. वाकून बघितलं. आत वाळू, थोडी सावली, एक प्लास्टिकची बाटली. बाकी काही नाही. दगडावर दगड, मध्ये माती नाही, चुना नाही, तरी उभं. अमीन म्हणाला, अशा काही थडग्यांत अख्खं घर असायचं — आजोबा, मुलगा, सून, नातू. पिढ्या न् पिढ्या.

"एवढ्याशा जागेत?"

"नवीन माणूस आलं की जुन्यांची हाडं जरा बाजूला सरकवायची, आजी. जागा होते."

म्हणजे ती रीत पाच हजार वर्षं जुनी आहे. जुन्यांनी सरकायचं. आता पाळी माझी.

सावनीने आमचे फोटो काढले. एका फोटोत मी त्या दारापाशी बसले आहे आणि अमीन दोन बोटं वर करून उभा आहे. उतरताना गुडघ्यांनी सूड घेतला.

बिल्डिंगखाली सोडताना अमीन उतरला, मला दार उघडून दिलं, आणि उल्हासला म्हणाला, "येतो साहेब. आजींना जपा." मराठीत! मुद्दाम! उल्हासचा चेहरा असा झाला की अमीन दिसेनासा होईपर्यंत तो तिथेच उभा. नूतन तर भिंतीला टेकली.

लिफ्टमध्ये उल्हास म्हणाला, "आई, तो तुला... काही म्हणाला का?"

"दगडांचं सांगत होता," मी म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दोघं माझ्याभोवती मांजरासारखी घोटाळत आहेत. चहा विचारतात. पुन्हा चहा विचारतात. सांगत काहीच नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज उल्हास पलंगाच्या कडेवर येऊन बसला. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की बसायचा तसाच, एका कुल्ल्यावर. "आई, जरा बोलायचं होतं. पुण्याच्या घराबद्दल —"

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "मी आहे तोवर त्या घराला हात लावायचा नाही! मी गेल्यावर काय करायचं ते करा." आवाज एवढा चढला की मलाच कळेना हा कुणाचा. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. मग "बरं" म्हणाला आणि उठला. भांडलाही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दाराशी त्याची पाठ बघितली — किती वाकलाय हा! कधी वाकला?

जिंकले म्हणायचं. घर वाचलं. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नूतनने माझ्यासाठी मेतकूट, खजूर, सुका मेवा बांधून दिला. डोळे सुजलेले. खोकी आता हॉलमध्येही आहेत. भिंतीवरचं घड्याळ काढलंय, तिथे पांढरा गोल दिसतो. एका माणसाच्या जाण्यासाठी एवढी आवराआवर?

विचारावं का? जाऊ दे. कंटाळा आलाय सगळ्याचा. त्यांच्या लपवण्याचा आणि माझ्या तोऱ्याचाही. एकदाचं विमानात बसवा आणि सोडा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

न्हाणीघराची कडी आज उगाच दोनदा लावून बघितली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅग बंद होईना, म्हणून सावनीला वर बसवलं. बसल्या बसल्या रडायला लागली. "आजी, बाबांनी सांगू नको म्हटलं. बाबांचा जॉब गेला ना. डिसेंबरमध्येच. गाडी पण ऑफिसची होती. आता मार्चमध्ये एक्झाम झाली की आपण... आम्ही इंडिया. पुण्यात रेंटचं घर शोधतात. तुझ्या घराचं विचारायचं होतं त्यांना, पण तुला कोणी नको ना तिथे. तू सगळ्या आंटींना बोललीस. आई खूप रडली."

बॅग तशीच उघडी टाकली. उल्हासला हाक मारली, नूतनलाही. म्हटलं, भाड्याचं घर बघायचं बंद करा. मला तिथे एकटीला भीती वाटते रे.

गेलं एकदाचं तोंडातून.

सावनी विचारते, तिची खोली कुठली. म्हटलं, माझीच. मी सरकते जरा.